घड्याळावरून ओळखलेला देश

आमच्या सातवीच्या वर्गाने पडद्यावरून परदेशातल्या एका वर्गाशी इंग्रजीत गप्पा मारल्या, हे तुम्ही ऐकलेच असेल. "काय बोललात गं?" असे पाचवीची मुले सारखी विचारतात, म्हणून लिहिते.

खेळ असा असतो. समोरच्यांचा देश कोणता, हे आधी सांगत नाहीत. प्रश्न विचारून तो ओळखायचा. त्यांनी फक्त 'येस' किंवा 'नो' म्हणायचे. मग त्यांची पाळी.

बाईंनी आम्हांला सकाळी आठलाच बोलावले होते. इतक्या लवकर का, ते पडदा लागल्यावर कळले. त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजलेले! घड्याळ पुढे, म्हणजे देश आपल्या पूर्वेला. आता भूगोल आठवा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, साडेतीन तासांत ५२.५ अंश. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची. बेरीज केली, १३५ आले. नकाशात बघितले तर जपान. पण थांबा, दक्षिण कोरियाची वेळही तीच! म्हणजे बेटांचा देश आहे का, ते विचारायला हवे.

विचारायचे नेमके माझ्यावर आले. माझी तर जीभ टाळूलाच चिकटली. वहीत अख्खे वाक्य लिहिलेले, तरी तोंडातून निघाले, "युवर कंट्री... आयलंड?" 'इज' राहूनच गेला. पलीकडची मुलगी लगेच म्हणाली, "येस!" मला वाटले होते हसतील. कुणीच हसले नाही.

हसलो ते आम्ही. जेवणात भात असतो हे सांगताना तिने 'राइस'चा 'लाइस' केला आणि आमच्या मागच्या बाकावर खसखस पिकली. बाईंनी नुसते डोळे वटारले. नंतर समजावले, की जपानीत र आणि ल असे वेगळे नाहीत, म्हणून त्यांना तो फरक जड जातो. आपले तरी काय? इंग्रजीतल्या व्ही आणि डब्ल्यू दोघांना आपला एकच 'व'. तिकडच्या पाचवी-सहावीला इंग्रजी हा विषय २०२० साली लागला. आपल्याकडे तर २००० सालापासून पहिलीलाच आहे!

आणखी एक गंमत. वर्ग झाडायचे काम तिकडेही मुलेच करतात.

आमचे हसणे त्या मुलीला ऐकू गेले की नाही, कोण जाणे. पुढच्या वेळी सॉरी म्हणणार आहे. तेवढे मला वहीत न बघता येते.