रंग दिव्याचा, रंग आपला

घरात मुलगी लग्नाची झाली की, किंवा आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली की, आपली पावलं स्टुडिओकडे वळतात. मोबाइलवर रोज ढीगभर फोटो निघाले तरी नीट बसून, नेटकं आवरून काढलेला एक फोटो प्रत्येक घराला हवा असतोच. हल्ली तिथे फोटोग्राफर विचारतो, "ताई, साधा काढू की कलर लाइटमध्ये?" भिंतीवर नमुने लावलेले असतात. कुणाच्या केसांवर निळी झळाळी, कुणाच्या मागे जांभळा पडदा. छान दिसतंय म्हणून आपण 'हो' म्हणून टाकतो. मग फोटो घरी आल्यावर मावशी विचारते, "अगं बाई, ही आजारी होती का गं तेव्हा?"

तेव्हा मैत्रिणींनो, 'हो' म्हणण्यापूर्वी हा रंगीत उजेड काय करतो, ते समजून घेऊ या. त्यात अवघड काही नाही.

कागद उजेड अडवतो

फ्लॅशच्या तोंडावर जो रंगीत पारदर्शक कागद लावतात, त्याला फोटोग्राफर 'जेल' म्हणतात. पूर्वी तो खरोखरच जिलेटिनचा असे. आता तो उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकचा असतो. आपण आकाशकंदिलाला लावतो तो कागद दिसायला तसाच. पण तो स्टुडिओच्या तापणाऱ्या दिव्यावर लावू नये, आचेने आकसतो आणि वितळतो.

आपल्याला वाटतं, हा कागद उजेडात रंग मिसळतो. तसं नसतं बरं का! फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा पांढरा असतो आणि त्यात सगळे रंग असतात. लाल कागद त्यातला लाल तेवढा पुढे जाऊ देतो, बाकीचे अडवतो. म्हणून कागद लावला की उजेड कमी होतो. गडद निळा तर बहुतेक उजेड गिळून टाकतो. मग फोटोग्राफर फ्लॅशचा जोर वाढवतो. पण तो फार वाढला की रंग फिका, विटल्यासारखा दिसतो. बेताचा ठेवला की गडद आणि भरदार येतो.

उजेडाचे रंग रांगोळीच्या रंगांसारखे मिसळतही नाहीत. लाल आणि हिरवा उजेड एकत्र पडला की पिवळा दिसतो! १८६१ साली लंडनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने एका रंगीत फितीची तीन चित्रं लाल, हिरव्या आणि निळ्या काचांतून पडद्यावर एकावर एक पाडली आणि रंगीत छायाचित्र दाखवलं. तेव्हा दोन बाजूंनी दोन रंग लावायचे म्हटले, तर चेहऱ्यावर ते जिथे एकत्र येतील तिथे तिसराच रंग उमटणार, हे लक्षात ठेवा.

कुंकू कुठे गेलं?

एक गंमत घरी करून पाहा. रात्री दिवे मालवा, टॉर्चवर लाल जिलेटिन धरा आणि पांढऱ्या कागदावर लावलेल्या कुंकवाच्या टिकलीवर उजेड पाडा. टिकली जवळजवळ नाहीशी होते! कागदही लाल, कुंकूही लाल. डोळ्यांना फरक कळणार कसा? आता निळं जिलेटिन धरा. तीच टिकली काळी दिसेल.

चेहऱ्याचंही तसंच होतं. समोरून लाल उजेड टाकला तर कपाळावरचं कुंकू पुसट होतं आणि हिरवा चुडा काळपट दिसतो. निळा किंवा हिरवा टाकला तर मुरमं, डाग, डोळ्यांखालची वर्तुळं उठून दिसतात. मावशीला मुलगी आजारी वाटली, ती यामुळेच.

मग रंग लावायचा कुठे?

चेहऱ्यावरचा मुख्य दिवा पांढराच असू द्यावा. रंग मागच्या पडद्यावर आणि केसांच्या, खांद्यांच्या कडेला लावावा. पडदा करडा असला तर रंग छान धरतो. त्यावर समोरचा पांढरा उजेड सांडला की तो धुऊन निघतो, म्हणून माणसाला पडद्यापासून सहा-आठ फूट पुढे बसवतात.

घरीच फोटो काढायचा असेल आणि खोलीत पिवळे दिवे असतील, तर फ्लॅशवर फिकट नारिंगी जेल लावायला सांगा. म्हणजे चेहरा पांढराफटक आणि खोली पिवळी असा विजोड दिसत नाही.

उजळ करण्याचा मोह

आता मुद्द्याचं. मुलगी सावळी असली की कुणीतरी सुचवतंच, "जरा गुलाबी लाइट मारा, रंग उजळेल." कधी सुचवणाऱ्या आपणच असतो! फोटोचं शास्त्रही याबाबत फार काळ निष्पक्ष नव्हतं. कोडॅक कंपनी रंग जुळवण्यासाठी जी नमुन्याची कार्डं प्रयोगशाळांना देत असे, त्यांवर कित्येक वर्षं गोरीच बाई असे. 'शर्ली कार्ड' या नावाने ती ओळखली जात. त्या मापाने छापलेल्या फोटोंत सावळ्या चेहऱ्यांचे बारकावे हरवत.

आज मात्र ही सबब उरलेली नाही. सावळ्या चेहऱ्याचा फोटो काळोखा येतो, तो बरेचदा काळे केस मागच्या गडद पडद्यात मिसळून जातात म्हणून. त्यावर उपाय चेहरा पांढरा करणं हा नव्हे. केसांच्या कडेला मागून सोनेरी किंवा निळसर उजेड द्यायला सांगा. चेहरा पडद्यापासून सुटा होतो, नाकडोळे रेखीव दिसतात आणि कातडीचा रंग आहे तसा राहतो. गोरा केलेला फोटो पाहून स्थळ आलं, तर पहिल्याच भेटीत कुणाच्या तरी नजरेतली निराशा पोरीलाच झेलावी लागते. शिवाय आपला खरा रंग आईलाही पसंत नाही, हे ती मनात धरते, ते वेगळंच.

स्टुडिओत जाताना

केसांना किंचित तेलाचा हात लावा, कोरड्या काळ्या केसांवर रंगाची कड उमटत नाही. सोन्याचे दागिने आणि आजीचे पांढरे केस शेजारच्या दिव्याचा रंग चटकन घेतात. तिथे फिकटच रंग बरा. चष्मा असेल तर त्यात रंगीत ठिपके पडत नाहीत ना, ते पाहा.

पहिला फोटो साध्या उजेडात काढून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून पडद्यावर बघा. डोळ्यांतला पांढरा भाग पांढराच आहे का? कुंकू लाल दिसतंय का? साडीचा काठ घरी दिसतो तसाच आहे का? तिन्हींना 'हो' असेल तर खुशाल छापायला सांगा. नसेल तर संकोच न करता म्हणा, "दादा, मागचा रंग राहू दे, पण तोंडावरचा दिवा पांढरा करा." कागद काढायला त्यांना अर्धा मिनिटही लागत नाही.