सायकलीवरून बालाघाट

मंडळी, नदीचे खोरे पायांनीही शिकता येते. बीडहून पहाटे सायकल काढावी आणि सोलापूर रस्त्याने निघावे. बिंदुसरेच्या खोऱ्यातून जाताना पालीजवळ तिचा तलाव लागतो. पुढे मांजरसुंब्याचा घाट. मांड्या भरून आल्या, की बालाघाटाचा माथा जवळ आला म्हणायचा. माथ्याअलीकडचे पाणी बिंदुसरेतून सिंदफणेला जाते. पलीकडे, नेकनूरकडचे, मांजरेला. दोन्ही नद्या शेवटी गोदावरीलाच मिळतात.

परतीचा उतार मात्र फसवा, त्यात मालमोटारींची वर्दळ. गुरुजी, मुलांना एकामागे एक ठेवा. वेग वाढण्याआधीच दोन्ही ब्रेक थोडे थोडे लावून सोडायला सांगा. एकच ब्रेक सतत दाबला तर रबर तापते, पकड सुटते. रस्ता ओला असेल तर सायकल हातात धरून उतरा. त्यात कमीपणा कसला?