विश्लेषण : पैलवानाची कारकीर्द कशावर चालते? मैदानातील इनाम मोठे की प्रमाणपत्र?

महाड तालुक्यातील तुडीलच्या एखाद्या मुलाने उद्या घरी सांगितले, की मला पैलवान व्हायचे आहे, तर घरच्यांना पहिला प्रश्न पडेल तो याला पाठवायचे कुठे. या भागात संध्याकाळचे मैदान कबड्डीचे, नाहीतर क्रिकेटचे. तालमींचा मुलूख लागतो तो घाट चढल्यावर. महाडहून वरंध घाटाने भोर आणि पुणे, किंवा पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, सातारा, कराड आणि पुढे कोल्हापूर. रस्ता सापडतो. दुसरा प्रश्न मात्र जास्त अवघड आहे. दहा-पंधरा वर्षे तालमीत काढल्यावर हा मुलगा खाणार काय?

पैलवानाला पैसा मिळतो कुठून?

मुख्यतः जत्रा-उरुसाच्या मैदानांतून. गावची कमिटी वर्गणी काढते, वस्तादांशी बोलून जोडी ठरवते आणि कुस्तीवर इनाम लावते. पोरासोरांच्या कुस्त्या खाऊवर आणि किरकोळ रकमेवर होतात, तर शेवटची मानाची कुस्ती काही लाखांवर जाते. हलगी घुमत असते, मैदान मातीचे असते आणि लोकांना निकाली कुस्ती हवी असते. पाठ टेकली की विषय संपला. गुणांवर सुटलेली कुस्ती प्रेक्षकांना फारशी रुचत नाही.

हा हंगामी धंदा आहे. दिवाळीनंतर मैदाने सुरू होतात, चैत्र-वैशाखात भर येतो आणि पावसाळ्यात सगळे थंडावते. खुराक मात्र बारा महिने लागतो. दूध, तूप, बदामाची थंडाई, अंडी, मटण हा खर्च बहुतेक घरांत बाप शेतीतून किंवा कर्जातून भागवतो. २०२० मध्ये टाळेबंदीने जत्रा बंद पडल्या तेव्हा मैदानावर पोट असलेल्या मल्लांची कमाई एका झटक्यात थांबली. आणि गुडघा किंवा खांदा निकामी झाला, तर तो हंगाम गेलाच म्हणायचे.

मग प्रमाणपत्राचा संबंध काय?

खरी मेख इथे आहे. जत्रेत कितीही मोठा मल्ल चितपट केला, तरी त्या कुस्तीची नोकरीच्या अर्जात नोंद होत नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेतील कामगिरी लागते आणि प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी होते. या स्पर्धा बहुतांशी गादीवर, म्हणजे मॅटवर होतात. तिथे तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि प्रत्येक पकडीचे गुण मोजले जातात.

म्हणजे पैलवानाला दोन वेगळे खेळ शिकावे लागतात. माती आजचा खुराक देते, गादी उद्याची नोकरी. मातीत दमाने खेळून जोडीदाराला थकवता येते, गादीवर पहिल्याच मिनिटात गुण घ्यावे लागतात. इनामाच्या मागे लागून वर्षभर मैदाने मारत फिरणारा मल्ल गादीवर मागे पडतो. फक्त गादीचा सराव करणाऱ्याला खुराकासाठी घरचे पाठबळ किंवा देणगीदार लागतो. अनेक चांगली पोरे या ओढाताणीतच संपतात, आणि त्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही.

खाशाबांचे उदाहरण काय सांगते?

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. त्या वारीचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाताना मात्र पैसे जमवावे लागले. गावाने वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

परतल्यावर मिरवणूक निघाली, सत्कार झाले. पण गहाण पडलेले घर सत्काराने सुटत नाही. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, कुस्त्या मारल्या आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले, असे सांगितले जाते. ऑलिंपिक पदकाचे कर्ज मातीतल्या कुस्तीने फेडले. संसार मात्र चालला तो पोलीस खात्यातील नोकरीवर. पदकानंतर तीन वर्षांनी, १९५५ मध्ये, ते उपनिरीक्षक झाले आणि सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० मध्ये.

महाराष्ट्र केसरी झाल्यावर तरी प्रश्न सुटतो का?

काहींचा सुटतो. १९६१ पासून चाललेल्या या स्पर्धेत मातीचा विजेता आणि गादीचा विजेता शेवटी एकमेकांशी भिडतात. नरसिंग यादव आणि चाळीसगाव तालुक्यातील विजय चौधरी यांनी प्रत्येकी तीनदा हा किताब जिंकला. दोघेही पोलीस उपअधीक्षक झाले.

नरसिंगची पुढची कथा पैलवानांच्या पालकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून त्याने रिओ ऑलिंपिकची जागा मिळवली. पण उत्तेजक चाचणीत तो अडकला. देशातील यंत्रणेने निर्दोष ठरवले, तरी ऑगस्ट २०१६ मध्ये क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. मल्लाच्या उमेदीतील चार वर्षे म्हणजे जवळपास सगळेच. खेळ थांबला, तरी पोलिसातील नोकरी हाताशी होती. बंदी संपवून २०२० मध्ये तो पुन्हा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. ती नोकरी नसती तर काय झाले असते, याचा अंदाज कुणालाही बांधता येईल.

सगळ्यांच्या वाट्याला असे येत नाही. २०२२ मध्ये साताऱ्यात किताब जिंकलेल्या कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने, आपल्याला गदा मिळाली पण रोख बक्षीस मिळाले नाही, असे जाहीरपणे सांगितले होते. त्यानंतर मदतीचे हात पुढे आले, ही गोष्ट वेगळी. पुढच्याच वर्षी पुण्यात शिवराज राक्षेला गदेबरोबर थार गाडी आणि रोख ५ लाख रुपये मिळाले. किताब तोच, कमाई आयोजकांवर अवलंबून.

संघटनांच्या वादाचा फटका कुणाला?

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी दोनदा झाली. फुलगावात सिकंदर शेख जिंकला, धाराशिवला शिवराज राक्षे. दोन संघटना, दोन गदा. प्रेक्षकाला दोन चांगल्या कुस्त्या बघायला मिळाल्या, पण नोकरीचा अर्ज भरणाऱ्या पोराला कोणती स्पर्धा अधिकृत धरली जाणार, याची चिंता लागली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला गादी विभागात मुळशीच्या पृथ्वीराज मोहोळविरुद्ध राक्षेला चितपट ठरवण्यात आले. निर्णयावरून तो पंचांच्या अंगावर गेला, लाथही मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड वाद घालून निघून गेला आणि मोहोळ विजेता ठरला. राक्षे व गायकवाड यांच्यावर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. पंचावर हात-पाय उचलण्याचे समर्थन होऊच शकत नाही. पण एका पंचाच्या एका इशाऱ्यावर गाडी, गदा आणि कदाचित नोकरीही ठरत असेल, तर तिथे पारा का चढतो, हे कळायला अवघड नाही.

तुडीलच्या मुलाने काय करावे?

तालीम निवडताना माती आणि मॅट दोन्ही आहे का, हे आधी पाहावे. पुण्यात कात्रजला काका पवारांच्या तालमीत अशी सोय आहे. २०२० मधील महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीतले हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके हे दोन्ही मल्ल तिथलेच. शाळा सोडू नये, कारण पदक असले तरी भरतीसाठी शिक्षणाची अट राहते. शालेय स्पर्धांपासूनचे प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवावे आणि ज्या स्पर्धेत उतरायचे ती मान्यताप्राप्त आहे का, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावे. रायगडकरांसाठी हे कार्यालय अलिबागला आहे. तुडीलहून तिथे जायला घाट चढावा लागत नाही.