मनाची ओपीडी (लेखांक ५) : डॉक्टर एका एसटीच्या अंतरावरचा बघा

सांगलीचा पेशंट गुपचूप साताऱ्याला जातो, साताऱ्याचा पुण्याला. आपल्याच गावातल्या मानसोपचारतज्ज्ञाची पायरी चढायची म्हटली की पाय जड होतात. बाकावर भावकीतलं कुणी भेटलं तर? पोरीचं लग्न ठरायचंय, पाहुण्यांच्या कानावर गेलं तर? ही भीती खोटी नाही आणि तिला हसूही नये. पण तिच्यापायी उपचार कसे फसतात, ते नव्याने जाणाऱ्याला कुणी सांगत नाही.

मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांतला फरक गेल्या आठवड्यात पाहिला. पहिला एमबीबीएस होऊन पुढे याच विषयात शिकलेला डॉक्टर असतो आणि औषधं तोच लिहून देतो, एवढं ध्यानात असलं की आजच्यापुरतं भागेल.

पहिली भेट बहुतेकांच्या कल्पनेपेक्षा साधी असते. झोप कशी लागते, पहाटे किती वाजता डोळा उघडतो, जेवण जातं का, कामात लक्ष लागतं का, दारू-तंबाखू किती, घरात आधी कुणाला असा त्रास होता का. मग एक प्रश्न येतो : जीव नकोसा वाटतो का? सोबत आलेले दचकतात. नसतं काही डोक्यात कशाला घालता, असं एखादा बोलूनही दाखवतो. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. आत साठलेलं बोलायला वाट मिळते. खरं उत्तर द्यावं. उत्तर ‘हो’ असेल, तर घरच्यांनी त्याच दिवशी गोठ्यातलं, माळ्यावरचं कीटकनाशक कुलपात टाकावं आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. ऊस आणि द्राक्षाच्या पट्ट्यात हे औषधाच्या चिठ्ठीइतकंच महत्त्वाचं आहे.

सोबत घरचं माणूस असावं, कारण आपल्याला न दिसलेलं त्याला दिसलेलं असतं. पण सगळी उत्तरं नवरा किंवा सासूच देत असेल, तर ‘मला थोडं एकटीला बोलायचंय’ असं सरळ म्हणावं. त्यात वावगं काही नाही.

एक कॅरीबॅग मात्र न विसरता न्यावी. तिच्यात आजवर घेतलेल्या गोळ्यांची अर्धी फाटलेली पाकिटं, बीपी-शुगरची चालू औषधं, वैद्यांच्या पुड्या, जुने रिपोर्ट, सगळं असावं. ‘ती पांढरी, बारीक गोळी’ एवढ्यावरून कुठल्याच डॉक्टरला काही कळत नाही. टेबलावर ती पाकिटं ओतली की पाच मिनिटांत निम्मी हकिकत उलगडते. थायरॉइड किंवा बी-१२ तपासायला सांगितलं, तर डॉक्टर पैसे काढतोय असं समजू नये. थायरॉइड मंदावला तरी माणूस मरगळतो, रडवेला होतो, आणि मग उपचाराची दिशाच बदलते.

आता मूळ मुद्दा. चिठ्ठीवर ‘०-०-१’ लिहिलेलं दिसलं, म्हणजे गोळी रात्रीच घ्यायची असली, की घरी निकाल लागतो : झोपेची गोळी दिली, आता सवय लागणार. सवय लागू शकते ती अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची. त्या थोड्या दिवसांपुरत्या असतात आणि दुकानदाराला त्यांच्या विक्रीची नोंद ठेवावी लागते. उदासीवर दिली जाणारी एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन त्या जातीची नव्हे. तिची अडचण उलटी आहे. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा हे पहिल्याच आठवड्यात येतं आणि बहुधा आपोआप ओसरतं; गुण दिसायला मात्र दोन ते सहा आठवडे लागतात. म्हणजे पेशंटला आधी त्रास भेटतो, आराम मागून येतो. नेमक्या या मधल्या काळात माणूस गोळी फेकून देतो. डोस वाढवायचा की गोळी बदलायची, हे दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत ठरतं. बरं वाटू लागल्यावरही औषध सहसा सहा महिने किंवा जास्त चालतं आणि बंद करताना हळूहळू उतरवावं लागतं. एकदम सोडलं तर चक्कर, चिडचिड, आणि पुष्कळदा आजारच परत.

म्हणून पहिल्या भेटीपेक्षा दुसरी मोठी. जतहून किंवा आटपाडीहून पुण्याचा नामवंत डॉक्टर गाठणारा पहिल्यांदा गाडी करून जातो. दुसऱ्या वेळी सुगी असते, तिसऱ्या वेळी गाडीभाडं नसतं. लांबच्या नामवंतापेक्षा जवळचा साधा डॉक्टर मी केव्हाही पसंत करीन. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सांगली आणि साताऱ्याची सिव्हिल, कराडचं कृष्णा हॉस्पिटल ही ठिकाणं आपल्याच पट्ट्यातली. आणि लपायचंच असेल, तर सिव्हिलच्या केसपेपरच्या रांगेसारखी दुसरी जागा नाही. तिथे कोण कशासाठी उभा आहे हे कुणालाच कळत नाही!

विटा-खानापूरकडच्या गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्या, कुटुंबांची गोष्ट थोडी वेगळी. दुकान तमिळनाडूत नाहीतर केरळात, गावी येणं यात्रेला. त्यांनी तारखेचं गणित पहिल्याच भेटीत डॉक्टरांपुढे मांडावं आणि तिकडच्या डॉक्टरसाठी औषधांचा तपशील लिहून घ्यावा.

गावात बोभाटा होईल या भीतीवर कायद्यानेही काही केलंय. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. काही अपवाद सोडता, तुमच्या आजाराची माहिती गुप्त राहणं हा त्यात तुमचा हक्क आहे. भूल दिल्याशिवाय ‘शॉक’ देण्यालाही त्याने मनाई केली.

राहिला देवऋषी. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे; सांगलीच्या विलिंग्डनमध्ये शिकले, मिरजेत एमबीबीएस झाले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाल्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा त्यात गुन्हा आहे. त्यांच्या ‘परिवर्तन’ संस्थेने साताऱ्यात व्यसनमुक्तीचं काम उभं केलं. दारू हाच मूळ प्रश्न असलेल्या घरांनी ते दार ठोठावावं. देवाला जायला कुणाची ना नाही. फक्त ‘आज उपवास, म्हणून गोळी नाही’ हे नको. लिथियमची गोळी चालू असणाऱ्यांनी तर निर्जळी उपवास किंवा मीठ सोडण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे; अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की लिथियमचं रक्तातलं प्रमाण धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतं. भर उन्हात वारीला चालणाऱ्यांनाही हेच लागू.

टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर फुकट आहे, रात्रीही. ती डॉक्टरची जागा घेत नाही. पण भेटीची तारीख आठवड्यावर असेल आणि रात्र निघत नसेल, तर तोच नंबर लावावा. जीव द्यायचा विचार जोर धरत असेल, तर तारखेची वाट न पाहता सिव्हिलचा अपघात विभाग गाठावा, कुणालातरी सोबत घेऊन.