परतलेल्या कारागिराने आधी कागद जमवावेत

कशेळी : सुरत, वापीकडे चार-सहा वर्षे काढून महाराष्ट्रात परतणाऱ्या गवंडी, सुतार व लादी कारागिरांना पहिली चिंता असते ती कामाची. मे २०२० मध्ये भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिक गाडीने गेलेले आणि पुढे परत आलेले कारागीरही याच चिंतेतून गेले. जुना मुकादम भेटत नाही, दर बदललेले असतात, आणि गरजेपोटी माणूस मिळेल त्या अटीवर काम धरतो. नुकसान होते ते येथेच.

काम कोठे?

ठाण्याहून खाडीपूल ओलांडला की कशेळी लागते. पुढे काल्हेर, पूर्णा, राहनाळपर्यंत गोदामांची रांग आहे. २०१८ साली भूमिपूजन झालेल्या ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचा मार्ग याच रस्त्याने जातो. समृद्धी महामार्गाचे टोकही भिवंडी तालुक्यातील आमणे येथे असून शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. गोदामाचे काम घरबांधणीहून वेगळे असते. लोखंडी सांगाडा, पत्रा आणि ट्रिमिक्सची फरशी यांचे काम जाणणाऱ्यास येथे मागणी असते. केवळ वीटकाम व प्लास्टर येणाऱ्याने यांपैकी एक हुन्नर जोडून घ्यावा.

अंगावर काम घेताना

चौरस फुटाने काम घेण्यापूर्वी माप कोणी व केव्हा घ्यायचे, परांची कोणाची, तुटफुटीचा खर्च कोणावर, उचल किती आणि बाकी केव्हा, हे साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. हजेरीवर काम असेल तर हजेरीची नोंद आपल्या वहीतही ठेवावी.

इमारतीस परवानगी आहे का, हेही विचारावे. भिवंडीभोवतालच्या ६० गावांसाठी २००७ पासून एमएमआरडीए हे नियोजन प्राधिकरण आहे. अनधिकृत गोदामांवर वेळोवेळी हातोडा पडला आहे. मालकच अडचणीत आला की कारागिराची बाकी सर्वांत शेवटी राहते.

हक्काचे पैसे

बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेतला जातो व तो बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जमा होतो. हा पैसा कामगारांचाच आहे. १८ ते ६० वयाच्या, मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर राबलेल्या कामगारास नोंदणी करता येते. मुलांना शिष्यवृत्ती, आजारपणात मदत, आणि कामावर मृत्यू झाल्यास वारसांना ५ लाख रुपये, अशा योजना मंडळाच्या आहेत. मात्र नोंद नसेल तर घरच्यांच्या हाती काही लागत नाही. म्हणून परराज्यातील काम सोडतानाच तेथील ठेकेदाराकडून दिवसांचा दाखला घ्यावा, आणि येथे पोहोचताच महाराष्ट्राच्या मंडळाकडे नोंद करून दरवर्षी तिचे नूतनीकरण करावे.

शिधापत्रिका गुजरातची असली तरी धान्य येथे मिळू शकते. दोन्ही राज्यांत ही सोय ऑगस्ट २०१९ पासून आहे. जीएसटी नोंदणी मात्र राज्यवार असते. गुजरातेत नोंदणी असलेल्या ठेकेदाराने येथे धंदा करताना महाराष्ट्राची वेगळी नोंदणी घ्यावी.

ओळखीने काम मिळेल, पण मजुरीचा हिशेब आणि मुलाबाळांचा हक्क कागदावरच उभा राहतो. जे बंधू परतण्याच्या विचारात आहेत त्यांनी गाडीचे तिकीट काढण्यापूर्वी ठेकेदाराचा दाखला हाती घ्यावा.