वारा पडला होता

कोपरगाव हे गोदाकाठचे, काळ्या जमिनीचे आणि उसाचे गाव. आमच्या नजरेला डोंगराची सवय नाही आणि गोल्फची तर मुळीच नाही. या खेळाशी आमचा संबंध काय तो नाशिकच्या ‘गोल्फ क्लब मैदाना’च्या नावापुरता, आणि त्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावरही आम्ही पाहिले ते क्रिकेटच! त्यामुळे पुण्यात व्यवसाय करणाऱ्या माझ्या मुलाने गोल्फ क्लबचे सभासदत्व घेण्याचा मनोदय सांगितला, तेव्हा आयुष्यभर कर्जप्रकरणे तपासलेल्या माझ्या तोंडून ‘अनुत्पादक खर्च’ हेच शब्द निघाले. त्यानंतर दोन महिने फोनवर आम्ही एकमेकांची प्रकृती विचारीत होतो, एवढेच.

मृगाच्या आधीच्या आठवड्यात पुण्यास गेलो असता तो म्हणाला, “पप्पा, एकदा पाहून घ्या. मग खुशाल नाही म्हणा.”

बावधनच्या डोंगरातील ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्टचे ते मैदान अठरा होलांचे आहे. सपाट हिरवळीची माझी कल्पना पहिल्या वळणावरच मोडली. कुठे चढ, कुठे उतार, मध्येच खोलगट जागा. पायी फिरणे माझ्या गुडघ्यांना मानवणारे नव्हते. म्हणून बॅटरीवरच्या गाडीत बसून मी मुलाचा आणि त्याच्या मित्राचा खेळ पाहू लागलो. पश्चिमेकडून वारा असा येई, की टोपी हाताने धरून ठेवावी लागे. चेंडू नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा, वाऱ्यापुढे त्याचा काय पाड? चिमूटभर गवत उडवून दिशा पाहायची, वारा समोरून असेल वा चढावर मारायचे असेल तर लांब पल्ल्याची काठी घ्यायची. काठ्या फार तर चौदा. तरीही उताराच्या ग्रीनवर हळुवार ढकललेला चेंडू होलाजवळून निसटून बराच खाली गेला, तेव्हा मला हसू आवरले नाही. मुलालाही आवरले नाही.

बँकवाल्याचे लक्ष मात्र खेळापेक्षा हिशेबाकडे. येथे प्रत्येक फटक्यावर नजर ठेवणारा पंच नसतो. स्पर्धेत एकाचे फटके दुसरा लिहितो, त्याला मार्कर म्हणतात. शेवटी दोघांनी सही करायची. आमच्याकडे नोंद करणारा एक आणि तपासणारा दुसरा असे, तसेच हे. सहीचे मोल केवढे, ते १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत दिसले. अर्जेंटिनाच्या रॉबर्टो दि विचेंझो यांनी सतराव्या होलावर तीन फटके घेतले होते. मार्करने चार लिहिले आणि त्यांनी न तपासता सही केली. जास्तीचा आकडा कायम राहिला आणि एका फटक्याने विजेतेपद बॉब गोल्बी यांच्याकडे गेले. न वाचता सही करणारे खातेदार मी पुष्कळ पाहिले आहेत, पण इतकी महाग सही पाहिली नाही.

चौदाव्या होलावर मुलाचा चेंडू उतारावरच्या उंच गवतात होता. त्याने मागे काठी टेकवली आणि चेंडू बोटभर सरकला. मित्र दूर, पाठमोरा. पाहणारा मी एकटा, आणि मला नियम ठाऊक नव्हता.

“माझा एक दंड लिही,” मुलाने हाक मारली.

मित्र म्हणाला, “अरे, वाऱ्याने हलला असेल. मग दंड नाही.”

“वारा पडला होता. माझ्या काठीनेच हलला.”

चेंडू मूळ जागी ठेवून तो पुढचा फटका खेळला. त्या एका फटक्यानेच तो मित्राकडून हरला आणि ठरल्याप्रमाणे लिंबू सरबताचे पैसे त्याला द्यावे लागले. मी कार्ड मागून घेतले. खालून वर आणि वरून खाली, दोनदा बेरीज केली. बरोबर होती.

माझ्या खिशात सभासदत्वाच्या खर्चाचे टिपण होते; त्या रकमेवर किती व्याज बुडेल, हेही त्यात मांडले होते. चांदणी चौक येईपर्यंत आम्ही दोघेही गप्प होतो. मग मी विचारले, “वार्षिक शुल्क एकरकमी भरावे लागते, की हप्त्यांनी चालते?”