एकटा जीव, मोजका पगार

'एकटा जीव सदाशिव' असे आपल्याकडे म्हणण्याची रीत आहे. ज्याच्यामागे संसाराचा व्याप नाही त्याला पैशाची कसली अडचण, असा या म्हणीतील भाव. नोकरीनिमित्त लातूर, रत्नागिरी किंवा गोंदियाहून मुंबई-पुण्यास येणाऱ्या तरुण-तरुणींच्या बाबतीत मात्र हा समज तपासून पाहणे अगत्याचे आहे. मोजक्या पगारात एकट्या व्यक्तीचे भागते काय, आणि भागत असल्यास ते कोणत्या अटींवर, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

किमान गरजांचे माप

माणसाला जगण्यासाठी किती लागते, हा प्रश्न स्वतंत्र भारताने प्रारंभीच विचारात घेतला. १९४८ साली किमान वेतन अधिनियम संमत झाला. पुढे १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजांवर आधारित किमान वेतनाचे निकष ठरविले. एका कमावत्या व्यक्तीमागे उपभोगाची तीन एकके धरावीत; आहारतज्ज्ञ डॉ. ॲक्रॉइड यांच्या शिफारशींप्रमाणे प्रौढ व्यक्तीचा आहार धरावा. चार जणांच्या कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड लागेल असे मानावे. घरभाडे औद्योगिक गृहनिर्माण योजनेतील किमान भाड्याइतके धरावे. आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के रक्कम ठेवावी, असे हे निकष होते. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निर्णयात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, करमणूक, सणवार, वृद्धापकाळ व विवाह यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली.

एक तृतीयांश का पुरत नाही?

या हिशेबाने एकटी व्यक्ती म्हणजे एक एकक. तेव्हा कुटुंबाला लागणाऱ्या रकमेच्या एक तृतीयांशात तिचे भागावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. धान्याच्या बाबतीत ते बव्हंशी खरेही आहे. कापडाची वाटणी केल्यास माणशी १८ वार येते. परंतु खोलीची वाटणी अशी होत नाही. खोलीत चार माणसे राहोत वा एक, भाडे तेच. दिवा एकासाठीही तेवढाच जळतो. शिवाय पहाटे घर सोडून रात्री परतणाऱ्याला स्वयंपाकास सवड नसते. त्याला शिध्याबरोबर रांधणाऱ्याच्या श्रमाचेही मोल द्यावे लागते.

दुसरी गोष्ट अशी की, आपल्याकडील एकटा माणूस क्वचितच एकटा असतो. आईचे औषध, धाकट्या भावंडांची फी, पेरणीच्या वेळची बी-बियाण्यांची नड यांकरिता त्याच्या पगारातील काही हिस्सा दरमहा गावाकडे जातो. मुंबईच्या गिरणगावात कोकण व घाटावरून आलेल्या कामगारांनी हा प्रश्न आपल्या परीने सोडविला होता. एका खोलीत अनेकांनी पाळ्यांप्रमाणे राहावे, खाणावळीत जेवावे आणि उरलेले पैसे मनिऑर्डरने घरी धाडावेत, अशी ती व्यवस्था होती. त्या पगारात भागत असे, कारण गावाकडे घरची मंडळी शेतीचा भार वाहत होती आणि शहरात खाणावळवाल्या बाया अल्प मोबदल्यात राबत होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या द्वारे या बायांना संघटित केले, तेव्हा या श्रमांची किंमत समाजाच्या ध्यानी आली.

हातात किती पडते?

पगाराचा आकडा आणि हाती पडणारी रक्कम यांत अंतर असते. समजा, एका तरुणाचा एकूण पगार २०,००० रुपये असून त्यापैकी मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये आहेत. भविष्य निर्वाह निधीसाठी १२ टक्के दराने १,८०० रुपये, कर्मचारी राज्य विमा योजनेसाठी पाऊण टक्का दराने १५० रुपये आणि व्यवसाय कर २०० रुपये वजा जाता हाती १७,८५० रुपये येतात. १ एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना व्यवसाय कर माफ आहे. म्हणून याच पगाराच्या तरुणीच्या हाती १८,०५० रुपये येतील.

आता त्या तरुणाचा खर्च उदाहरणादाखल मांडून पाहू. भागीदारीतील खोलीचे भाडे ५,०००, जेवण व न्याहारी ५,०००, प्रवास, दूरध्वनी व किरकोळ २,००० आणि घरी ३,००० असे १५,००० रुपये जातात व २,८५० रुपये उरतात. त्याने १०,००० रुपये भाड्याची स्वतंत्र खोली घेतली, तर दरमहा २,१५० रुपयांची तूट येते. पगार तोच, जेवण तेच. फरक केवळ निवाऱ्याचा. देशातील शहरी भागात दरडोई मासिक खर्च सरासरी ६,९९६ रुपये असल्याचे २०२३-२४ च्या पाहणीत आढळले. परंतु त्या सरासरीत स्वतःच्या घरात राहणारी असंख्य कुटुंबे आहेत. परगावाहून आलेल्या एकट्याने तिच्याशी आपली तुलना करून स्वतःस उधळ्या ठरवू नये.

तरुणींना तर सुरक्षिततेचाही विचार करावा लागतो. रात्रपाळी करणारीला स्वस्त पण दूरची खोली परवडत नाही. म्हणूनच नोकरदार महिलांच्या वसतिगृहांकडे सोय म्हणून न पाहता वेतनाचाच एक भाग म्हणून पाहिले पाहिजे.

काय करता येईल?

खोली घेताना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा, असा आग्रह धरावा. अनामत रक्कम बुडण्याचे भय त्यामुळे कमी होते. पगारातून विम्याची वर्गणी कापली जात असल्यास त्याचा लाभ समजून घ्यावा. आजारपणात पगार बुडाला, तर पात्र कामगारास वर्षातून ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के दराने भत्ता मिळतो. एकट्या माणसाच्या दृष्टीने याचे महत्त्व फार मोठे आहे, कारण तो अंथरुणास खिळला की घरातील दुसरी मिळकत नसते. नोकरी बदलताना भविष्य निर्वाह निधी काढून खर्चू नये, तो नव्या नोकरीत वर्ग करून घ्यावा. टपाल खात्यातील पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत दरमहा १०० रुपयांपासून बचत करता येते. ही रक्कम महिन्याच्या अखेरीस उरली तर ठेवू असे न म्हणता पगाराच्या दिवशीच बाजूला काढावी.

तेव्हा मोजका पगार एकट्याला पुरतो काय? निवारा वाटून घेतला, प्रकृती धड राहिली आणि घरची मागणी मर्यादित असली, तर महिना निभावतो. आजारपण, बेकारी आणि वार्धक्य यांसाठी काही उरत नसेल, तर मात्र तो पगार पुरतो असे म्हणता येणार नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरे. परंतु पाय सदैव पोटाशी घेऊनच निजावे लागत असेल, तर अंथरुणाची लांबीही मोजली पाहिजे. पहिले काम ज्याचे त्याने करावयाचे आहे. दुसरे काम मालक, शासन व समाज यांचे आहे.